उगवतीच्या धुऱ्यावरची बाजरी

धोंडमाळ, ता. जळकोट
१ जून

धम्मप्रिया,
जयभीम.

बुद्धप्रियाच्या फोनवरून तू एवढंच बोललीस: फोनवर तू नुसता भांडतोस, म्हणून तुझा नंबर बंद केलाय, काही सांगायचं असेल तर पत्र लिही, लिहिताना माणसाला वाक्य खोडता येतं. तू फोन ठेवलास आणि मी माझा रानातल्या आखाड्याच्या भिंतीवर आपटला. आता तू नंबर उघडलास तरी उपयोग नाही. म्हणून हे पत्र. आधी एक लिहिलं होतं, ते चुलीत घातलं. त्यात नुसती तूच होतीस.

मी बरा आहे. खातो, झोपतो. झोप इतकी लागते की माय मधूनच नाकापुढं बोट धरून बघते. लोक अजून विचारतात, कॉलेज का सोडलं, तिसरं वर्ष होतं की. मी एक वाक्य पाठ केलंय. "संगप्पानं सोयाबीनभोवती तारेत करंट सोडला होता, सकाळी बंद करायचा राहिला, आमचे बाबा वैरणीला गेले आणि तारेला लागले." एवढं म्हटलं की समोरचा "अरारा" करतो आणि तंबाखू मळायला लागतो. मला काही होत नाही. स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात ना, तसं पुकारून टाकतो.

मायनं जबाबात सांगितलं, आमची कुणावर तक्रार नाही. का, ते मला सांगितलं नाही. दोन महिन्यांत ती संगप्पाच्याच रानात खुरपायला गेली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला ते कळायला आठवडा लागला, कारण घरात तसंही कुणी बोलत नव्हतं.

आता काम. तू दुसऱ्या वर्षाला तो प्रकल्प केला होतास. रानाच्या कडेला बाजरी पेरायची, काही शेळ्यांना कापायची, बाकीची हरणांना आणि पाखरांना सोडून द्यायची. पोरं तुला हरणांची आत्या म्हणायची, त्यात मीही होतो. मला ते करायचंय. आमचं अडीच एकर तुला माहीत आहे. मावळतीला गायरानाचा माळ, उगवतीला संगप्पाचं रान. माळावर हरणांचा कळप आहे. बाबा होते तेव्हा सोयाबीन पेरून आम्ही राखण करायचो. यंदा राखायला मन नाही. बी कोणतं घेऊ, कसं पेरू, लिही.

पेन चालतो का बघायला तू एकदा माझ्या वहीच्या मागं माझं नाव लिहिलं होतंस. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

विनोद


देगलूर
८ जून

विनोद,
जयभीम.

पत्र दादांच्या हातात पडलं. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "आजकाल पत्र कोण लिहितं? कोर्टाचं आहे का?" बुद्धप्रिया म्हणाली, "कोर्टाचंच आहे दादा, ताईला तारीख पडलीय." ती दिवसभर हसत होती. तेव्हा पाकिटावरचं अक्षर जरा सरकारी काढत जा.

पेन चालतो का बघायला माणूस हाताशी येईल ते नाव लिहितो. तो कागद टाकून दे.

पण बाजरीचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरं सांगू? मला वाटलं होतं, तू एक दिवस कुणाचं तरी डोकं फोडशील आणि मला ते पेपरात वाचायला मिळेल. तुझ्या घरी एवढं घडलं आणि तू हरणांसाठी पेरायचं म्हणतोस. मी तुला ओळखायला चुकले असं वाटलं, आणि चुकल्याचं बरं वाटलं.

बी पाठवते. देगलूर-उदगीर गाडीच्या कंडक्टरकडं देईन, दादांच्या ओळखीचे आहेत. ही चाऱ्याची बाजरी आहे, कापली की पुन्हा फुटते. शेळ्यांना कापताना वीतभर बुडखा ठेव. मुळाशी कापलीस तर संपली. सोबत थोडा राळा आहे, तो पाखरांसाठी. ज्वारी त्यात मुळीच मिसळू नकोस. पावसानं ओढ दिली की कोवळी ज्वारी जनावराला विष होते. बाजरीला ती खोड नाही.

आणि मुख्य गोष्ट. पट्टा माळाच्या कडेलाच, म्हणजे तुझ्या मावळतीला पेर. कुणाच्याही पिकापासून जितका लांब तितका बरा. जनावराची भूक जिथं भागते तिथून ते पुढं येत नाही. पण ताट दुसऱ्याच्या उंबऱ्यावर वाढलं तर ते घरात शिरणारच.

काकूंना जयभीम सांग. त्यांनी तक्रार का केली नाही, ते मनात कुढत बसू नकोस, सरळ विचार.

धम्मप्रिया


धोंडमाळ
११ जुलै

धम्मप्रिया,
जयभीम.

उदगीरच्या स्टँडवर पोतं मिळालं. कंडक्टर म्हणाला, "काय हाय बाबा यात?" मी म्हणालो, "हरणाचा डबा." तो म्हणाला, "मग हाफ तिकीट लागंल." लई दिवसांनी कुणीतरी माझ्याशी मजेनं बोललं. मला हसायला पाहिजे होतं हे घरी आल्यावर लक्षात आलं.

पेरणी झाली. बैल भाड्यानं आणले, तिफण आमचीच. मी हाकत होतो आणि माय चाड्यावर मूठ धरून बी सोडत मागं चालत होती. दरवर्षी ती पहिली मूठ सोडताना "चालू द्या" असं बाबांना म्हणायची. यंदा तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाली, "चल." मध्ये एकदा तिनं मूठ बंद केली आणि माझ्याकडं बघितलं. मी बैलाला हाणलं. तिनं पुन्हा मूठ सोडली.

बाजरी आता गुडघ्याला लागते. शेळ्या तर तिच्यासाठी दावं तोडतात. माय रोज सकाळी विळा घेऊन जाते आणि तू सांगितलं तसा वीतभर बुडखा ठेवून भाराभर कापून आणते. संगप्पाची बायको गुरम्मा तिला लांबूनच हाक मारते, "सरजाबाई, ऊटा आयता?" जेवलीस का, एवढंच. माय म्हणते, "जेवले की." कधी कधी जेवलेली नसते.

आणि हरणं आली, धम्मप्रिया. मी सकाळी आखाड्याच्या दारात चहा घेऊन बसतो. तोंडावर ऊन येतं. बाजरीच्या मागून सूर्य वर येत असतो, एकेका पातीच्या कडेला उजेड लागलेला असतो आणि त्यात नुसते कान दिसतात. मग एक काळवीट मान वर करतो, आपल्या प्राचार्यांसारखा सगळीकडं बघतो आणि परत खायला लागतो. पोट भरलं की पुढं सरकतात, एकेक करून, काही घाई नसते. तुला हे दाखवायचं होतं. तू शेजारी असतीस तर मी एक शब्द बोललो नसतो, शपथ.

तू लिहिलंस, तुझी ओळख चुकली. हाव, मी बदललोय. तुझं पत्र उशाला असतं. एकदा ये इकडं.

तुझा (हे खोडणार नाही)
विनोद


देगलूर
२० जुलै

विनोद,

आधी तुझं पत्र बुद्धप्रियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा कविता करायला लागलाय, सांभाळ. मग रात्रभर मला काहीतरी टोचत राहिलं आणि सकाळी मी पत्र पुन्हा काढलं.

तू आखाड्याच्या दारात बसतोस. आखाडा रानाच्या मधोमध आहे, मी पाहिलाय. सकाळचं ऊन तोंडावर येतं आणि बाजरीच्या मागून सूर्य वर येतो.

म्हणजे बाजरी उगवतीला आहे. संगप्पाच्या धुऱ्याला, बांधाला लागून. माळ तुझ्या पाठीमागं.

आणि हरणं पोट भरलं की पुढं सरकतात. पुढं कुठं, विनोद? पुढं तर त्यांचं सोयाबीन आहे. माळावरून येऊन सगळं रान ओलांडून त्यांना तिथपर्यंत तू नेलंस. काकूंनी मूठ का बंद केली, हेही आता कळलं.

चुकून झालं असेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन. मुद्दाम केलं असेल तर तेही लिही, पण सूर्य आणि उजेड मध्ये न आणता.

दुसरं. नांदेडचं एक स्थळ आलंय. मुलगा बँकेत आहे. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. याचा बाजरीशी काही संबंध नाही.

धम्मप्रिया


धोंडमाळ
२६ जुलै

हाव. उगवतीलाच पेरली. मुद्दाम पेरली.

तू हुशार, तुला कळलं. बक्षीस देतो, ये घ्यायला. संगप्पाचे धुऱ्याकडचे सोयाबीनचे तास बोडके झालेत. शेंडे खुडून खाल्लेत. तो सकाळी येतो, कमरेवर हात ठेवून बघतो, जातो. मी चहा पितो. मला वाटलं होतं हे बघून बरं वाटेल. बरंही वाटत नाही, वाईटही वाटत नाही. तरी रोज बघतो.

मग काय करायला पाहिजे होतं मी? माय तक्रार देईना. मी एकटा ठाण्यात गेलो तर म्हणाले, आईला घेऊन ये. गावात म्हणाले, झालं ते झालं, शेजार मोडू नये. बाबा उघड्या पायानं चिखलात मेले आणि शेजार कुणाचा मोडतोय, माझा? हरणावर गुन्हा दाखल होत नाही. हरणाला कुणी म्हणत नाही, झालं ते झालं. म्हणून हरणं.

तू तुझं ताट आणि उंबरा तुझ्या वर्गात सांग. आणि बँकवाल्याशी कर लग्न. त्याच्या बँकेत हरणं शिरत नाहीत.

विनोद


देगलूर
३१ जुलै

विनोद,

मी बी हरणांसाठी पाठवलं होतं.

एकच विचारते, आणि उत्तर मला नको, तू स्वतःला दे. गेल्या वर्षी हरणं आणि डुकरं सोयाबीनमध्ये शिरली तेव्हा संगप्पांनी काय केलं होतं? यंदा शिरली तर ते काय करतील? त्या धुऱ्यावर रोज सकाळी विळा घेऊन कोण जातं?

हे समजायला कॉलेज लागत नाही.

धम्मप्रिया


धोंडमाळ
१७ ऑगस्ट

धम्मप्रिया,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडलं. माणूस तोच तुकडा सारखा वाचतो हे मला माहीत नव्हतं. विळा घेऊन कोण जातं.

तरी मी दहा-बारा दिवस काही केलं नाही. मायला "तिकडं जाऊ नको" एवढंही म्हणालो नाही. आमचं बोलणं बंद होतं ना. लाज वाटली पाहिजे, कळतं मला. पण आतून काही हललं नाही. मोठ्या दुखण्यात पायाला मुंग्या येतात ना, आणि आपण पायाकडं बघतो की हा कुणाचा आहे, तसं.

परवा सकाळी धुऱ्यावर ठोकठोक ऐकू आली. संगप्पा बांबूच्या खुंट्या ठोकत होता. गुरम्मा एकेक खुंटी हातात देत होती. बाजूला तारेचं वेटोळं पडलं होतं. खुंट्यांची ओळ आमच्या बाजरीला अगदी खेटून चालली होती. त्या बाजरीत माय वाकून कापत होती. ठोकलेलं तिला ऐकू येत होतं. मान वर केली नाही तिनं.

मी गेलो. जाताना एक खुंटी उचलली. का उचलली ते तुला सांगायला नको.

"अप्पा, काय करून राहिलात?"

"दिसत न्हाई का?"

"परत?"

"परत न्हाई तर काय करू, तूच सांग. रान बघ माझं. तुझ्या बाजरीनं बोलावून आणलीत ती. माळ सोडून धुऱ्यावर का पेरलीस, ते मला समजत न्हाई व्हय? माझेबी केस उन्हात पांढरे झाले न्हाईत."

"माझी माय हितं रोज वैरण कापते."

"तिला सांग तिकडून काप म्हणून. मी सकाळी बटण बंद करीन, देवाशपथ."

"मागच्या साली पण करणारच होता की."

तो तारेचं वेटोळं उचलायला वाकला. मी खुंटी वर केली होती, धम्मप्रिया. खोटं कशाला लिहू. त्याचं डोकं माझ्यासमोर होतं. आणि त्याला ते वेटोळं उचलता येईना. दोन्ही हात त्यात घालत होता आणि बोटं मिटत नव्हती. तळव्याची कातडी भाजल्यासारखी, वांग्याच्या सालीसारखी, ताणलेली. बोटं अर्धी वाकून तिथंच थांबत होती.

"काय झालं हाताला?" मी विचारलं.

गुरम्मा बोलली. "तुला म्हाईत न्हाई? तुझ्या बाबाला तारेतून ह्यांनीच ओढलं. हातानं तार उपटली. महिनाभर दवाखान्यात होते. सरजाबाई येऊन बघून गेली की."

मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार, वर्षभर मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. त्याचं रान बघत होतो.

तारेत करंट त्यानंच सोडला होता. हे काही बदललं नाही. मी मनात पुन्हा म्हणून बघितलं, त्यानंच सोडला होता. वाक्य तेच होतं. पण खुंटी खाली आली.

"राखण करा की मग," मी म्हणालो. "तार कशाला?"

"कोण करतो राखण? आमचा पोरगा सत्यम पुण्याहून येतो का? मला गोफण धरता येत न्हाई, हे बघ. माचाणावर बसून नुसतं हाट हाट केलं तर डुक्कर हसतंय."

"मी करतो."

हे मला म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघालं. गुरम्मा होती तिथंच धुऱ्यावर खाली बसली. संगप्पानं माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या हातातल्या खुंटीकडं.

"तू?"

"सोयाबीन निघेपर्यंत. तार लावायची न्हाई."

"एक दिवस हुकलास तर लावणार."

"हुकणार न्हाई."

माय बाजरीतून उठली. भारा डोक्यावर घेतला आणि आमच्यामधून निघून गेली, जशी काही तिथं कुणी नव्हतंच.

घरी आल्यावर मी तिच्याशी बोललो. नऊ महिन्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "मीठ हाय का?" तिनं डबा पुढं सरकवला. मग म्हणाली, "पेरतानाच कळलं होतं मला. माळाकडं पाठ करून हरणाला कोण पेरतंय?"

"मग आडवलं का न्हाईस?"

"तू भिंतीकडं तोंड करून निजून राहायचास. पेरायला तरी उठलास. म्हटलं उठू दे, कशासाठी का असंना."

तक्रारीचंही विचारलं, तू सांगितलं होतंस तसं. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "त्याचे हात बघून आले दवाखान्यात. मग काय लिहू, तू सांग. मला त्या धुऱ्यानंच रोज जायचं हाय. माफ केलं असं काय न्हाई. ते मला जमत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही उगवतीची बाजरी कापली. बुडखा ठेवला नाही. मुळाशी कापली. शेळ्या खाऊन उरलेली गुरम्माच्या म्हशीला गेली.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. खोडायला पत्र माझ्याकडं नाही.

विनोद


देगलूर
२६ ऑगस्ट

विनोद,
जयभीम.

बरं झालं. याहून मोठं काही लिहिता येत नाही. वाचून झाल्यावर मी बराच वेळ माझ्या हातांकडं बघत बसले.

बी पुन्हा त्याच कंडक्टरकडं दिलंय. उशीर झालाय, दाणा भरेलच असं नाही, पण चारा होईल. या वेळी मावळतीला पेर. पाठीमागं संगप्पांचं रान ठेवून. कळपाला जुनी वाट सोडायला थोडे दिवस लागतील. तेवढे दिवस तुझी गोफण चालू दे. दगड जनावराला लागू देऊ नकोस, आवाज झाला तरी पुरे.

आता माझं. नांदेडला होकार कळवलाय. तुझ्या त्या पत्राच्या रागानं कळवला असं समजू नकोस, आणि नंतरच्या पत्रानं तो बदलेल असंही नाही. मला माणूस बरा वाटला. मी बोलत असले की तो माझं वाक्य संपेपर्यंत थांबतो. तुझ्याबरोबर तीन वर्षांत माझं एकही वाक्य संपलं नाही, विनोद. तू वाईट होतास म्हणून नाही. तुला घाई होती.

तू काय म्हणशील माहीत नाही. या वेळी लगेच लिहू नकोस.

धम्मप्रिया


धोंडमाळ
२३ सप्टेंबर

धम्मप्रिया,
जयभीम.

लगेच लिहिलं नाही. बघ, महिना होत आला.

अभिनंदन. हे लिहायला बरेच कागद फाडले. त्यातला एकही पाठवण्यासारखा नव्हता, सगळ्यात मी ओरडत होतो. आता लिहिलं. तुझं पत्र माचाणावर वाचलं आणि मग कळप आला म्हणून उठलो, गोफण फिरवली, परत येऊन बसलो. पत्र तिथंच होतं. दुखलं असेल. सध्या मला दुखलेलं उशिरा कळतं.

मावळतीची बाजरी मांडीपर्यंत आलीय. हरणं पहिले काही दिवस सवयीनं उगवतीकडं यायची, कापलेल्या बुडख्यांना हुंगायची आणि माझ्याकडं बघायची, खानावळ बंद झाल्यासारखी. आता माळावरच थांबतात. तितरं त्या बाजरीत राहायलाच आलीत. माय शेळ्यांना तिथूनच कापते आणि मधला पट्टा मुद्दाम सोडते. मी काही सांगितलं नाही तिला. डुकरं मात्र ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी माचाणावरच झोपतो. सोयाबीनच्या शेंगा भरल्यात. संगप्पा रोज बांधावरून एक चक्कर मारतो. आम्ही बोलत नाही. गुरम्मा माचाणाखाली डबा ठेवून जाते. पहिले दिवस मी तो शेळ्यांना घातला. आता खातो. भूक लागते.

शनिवारी बाबांना वर्ष झालं. घरी वंदना झाली, लोक जेवून गेले. सगळे गेल्यावर संगप्पा आणि गुरम्मा आले. इतक्या वर्षांत तो आमच्या अंगणात पहिल्यांदाच आला असेल. हातात पोतं होतं. त्यानं ते मायपुढं ठेवलं. आत तारेचं वेटोळं.

"सरजाबाई, ही तुमच्याकडं ठेवा. घरात असली की हात जातोय माझा."

माय म्हणाली, "माझ्या घरात न्हाई ठेवायची. तोडा."

"हितं?"

"हितंच. माझ्यासमोर."

त्यानं खिशातून पक्कड काढली. आणतानाच त्याला माहीत असावं. पण त्याच्या बोटांत पक्कड बसेना, तार निसटून जायची. दोनदा पक्कड खाली पडली. गुरम्मा पुढं व्हायला लागली तर माय म्हणाली, "उगं राहा तू." मला कुणी काही म्हणालं नाही. मी उठलो आणि तारेचं दुसरं टोक धरलं.

मला वाटलं होतं हाताला काहीतरी होईल. चटका, थरथर, काहीतरी. काही झालं नाही. बांधाबांधीची साधी तार, कुठल्याही दुकानात मिळते ती. गार होती. मी ती ताणून धरली तेव्हा त्याला दोन्ही हातांनी पक्कड दाबता आली. एक तुकडा पडला. मग मी पुढं सरकलो, पुन्हा ताणली. दुसरा पडला. तार जशी कमी होत गेली तसे आम्ही जवळ येत गेलो. तो धापा टाकत होता. शेवटी एवढीशी उरली की मला ती त्याच्या हाताला हात लावूनच धरावी लागली. त्याचा तळवा लाकडासारखा होता. तो तुकडा तुटला आणि दोघांच्या हातात काही राहिलं नाही.

ते दोघं गेले.

मायनं झाडू आणला. शेळ्यांच्या पायात जातील म्हणून ती तुकडे वेचायला लागली. मीही खाली बसून वेचत होतो. वेचता वेचता मला एकदम बाबांचा राग आला. संगप्पाचा नाही, बाबांचा. इतका की दात वाजायला लागले.

मी म्हणालो, "त्या दिवशी बाबानं चप्पल का घातली न्हवती?"

माय तुकडे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "पाऊस पडून गेला होता. चिखलात चप्पल रुतती म्हणून काढली. मला म्हणाले, आल्यावर धुतो पाय."

वर्षभरात आम्ही बाबांबद्दल बोललेलं हे पहिलं. मग ती त्यांच्या पायांबद्दलच सांगत राहिली, भेगा कशा पडायच्या, मेण कसं लावायची, आणि मी वेचलेले तुकडे तसेच हातात धरून ऐकत बसलो.

विनोद